पुढच्या पट्टीवरच्या रेघा

फर्नेसचा फिल्टर बदलला.

हॉस्पिटलात तुम्ही शेवटचं नीट बोललात ते एवढंच. नर्स उशी सरळ करत होती, मी तुमच्या पायांवर पांघरूण घालत होते, आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "फर्नेसचा फिल्टर बदलायचा राहिलाय. जिन्याखाली नवा ठेवलाय." मी बरं म्हटलं. त्यानंतरचं सगळं पुटपुटणं होतं. त्यात एकदा तुमच्या आईला हाक मारलीत, आणि एकदा कुणाला तरी "धर, हलवू नको" म्हणालात. ते मला म्हणालात असं मी धरून चालले आहे.

जुना फिल्टर काळा झाला होता. तुमचं कामाचं टेबल घर गरम करणाऱ्या त्या फर्नेसला लागूनच, काळा होणारच. नवा बसवताना बाणाची दिशा बघून बसवला.

लोक येऊन गेले. मंडळातल्या बायकांनी डबे पाठवले, ते धुऊन परत दिले. आपला नितीन कोक्विटलामहून आला, राहिला, त्याच्या ऑफिसचं काम इथूनच केलं आणि परत गेला. घरात आता मी आहे, आणि बेसमेंटमधल्या लोखंडी कपाटात तुमची ती पिस्तुलाची फ्रेम होती. तिचं काय करायचं ते मला ठरवावं लागलं. मी ते तुमच्या मनाविरुद्ध ठरवलं. हे तुम्हाला सांगायला पाहिजे म्हणून लिहिते आहे. हे कुणाला दाखवायचं नाही. तोंडानं सांगायला मला कधी जमलं नाही, आणि तुम्ही मधेच "कळलं, कळलं" म्हणायचात. कागद तसं म्हणत नाही. लिहायची सवय चौथीनंतर सुटली, तेव्हा चुका पोटात घाला.

तुमचं काम काय, हे मी बाहेर कधी धड सांगितलं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, मिस्टर काय करतात. मी म्हटलं, लोखंडाचं काम.

"म्हणजे कन्स्ट्रक्शन?"

"नाही, बारीक असतं."

"बारीक म्हणजे?"

"हातानं रेघा मारतात."

"अगंबाई, आर्टिस्ट आहेत का?"

मी हो म्हणून मोकळी झाले. पार्किंगमध्ये तुम्हाला ते सांगितलं तर तुम्ही ब्रश माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आर्टिस्ट गाडीवरचा बर्फ काढत नसतात. आर्टिस्टची बायको काढते." आणि खरंच आत जाऊन बसलात. काच अर्धी साफ झाल्यावर बाहेर आलात.

रेघाच होत्या त्या. निशाणेबाजी करणाऱ्या लोकांची पिस्तुलं यायची. पिस्तुलाच्या दांड्याला पुढच्या बाजूनं जिथं तीन बोटं येतात तिथं पोलादाची एक पट्टी असते. ती गुळगुळीत असली तर घामानं निसटते. तिच्यावर तुम्ही कानशीनं आधी उभ्या रेघा मारायचात, मग आडव्या, आणि दोन्हींच्या मधे टोकं वर यायची. फणसाच्या पाठीसारखी, पण इतकी बारीक की लांबून नुसती काळपट सावली दिसावी. दुकानाचा मालक रॉन त्याला चेकरिंग म्हणायचा. मशीनवरही होतं ते. हाताचं हवं असलेले लोक वाट बघत थांबायचे.

रॉनच्या दुकानात तुम्ही लागलात ते तेलविहिरींचं काम आटल्यावर. मशीनशॉपनं तुम्हाला घरी बसवलं, आणि तुम्ही बेसमेंटमध्ये डब्यातले स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे करत बसलात. ते वेगळे झाल्यावर परत एकत्र करून जाडीप्रमाणे वेगळे केलेत. मला काळजी वाटायला लागली होती. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की शहराच्या दक्षिणेला एकाचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान आहे आणि त्याला कानशीचा हात असलेला माणूस पाहिजे. तुम्ही कोल्हापूरला उद्यमनगरात मिसरूड फुटायच्या आधीपासून कानस चालवलेली. रॉननं तुम्हाला एक ठोकळा दिला आणि सपाट करायला सांगितला. तुम्ही केलात. त्यानं त्याच्यावर पट्टी उभी ठेवून उजेडाकडे धरली आणि विचारलं, "मंडे?"

एवढीच मुलाखत.

थंडीच्या दिवसांत मला घरी एकटं ठेवायला तुमचा जीव व्हायचा नाही. हे तुम्ही असं कधी बोलला नाहीत. म्हणायचात, "घरात बसून काय भिंती राखणार? चल." मग मी पण जायला लागले. रॉननं हीटरजवळ माझ्यासाठी एक खुर्ची टाकली. मी वाकळ शिवायला घेऊन जायचे आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान वर करायचे नाही. रॉनला बरेच दिवस वाटत होतं की मला बोलताच येत नाही. एकदा त्यानं तुम्हाला आवाज खाली आणून विचारलं, मिसेसना काही त्रास आहे का.

तुम्ही म्हणालात, "नो, नो. ॲट होम स्पीकिंग. हिअर रेस्टिंग."

त्या खुर्चीसाठी मी तुमचे आभार मानायला हवे होते. दुसऱ्या कुणी नवऱ्यानं बायकोला कामावर नेऊन हीटरशेजारी बसवलं असतं असं मला वाटत नाही. मला तिथं बरं वाटायचं. कानशीचा आवाज यायचा, रॉनचा रेडिओ बारीक चालायचा, आणि मला कुणाशी बोलायला लागायचं नाही.

पहिल्या वर्षीची खंडेनवमी मला आता आठवली की हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. तुम्ही आधीच रॉनला सांगून ठेवलं की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. त्याला वाटलं तुम्ही रजा मागताय.

"नो, आय कम," तुम्ही म्हणालात. "टूल्स हॉलिडे."

तो म्हणाला, चालेल, टूल्सनी पण थकायला हरकत नाही. तुम्ही स्वच्छ फडकं पसरलंत, सगळ्या कानशी ओळीनं मांडल्यात, छोटा हातोडा, ब्रश, खडू, सगळं. आणि त्यांच्या मधोमध त्या दिवसांत नुकतंच पुरं झालेलं एका गिऱ्हाइकाचं काम ठेवलंत. उघडं पोलाद, वर अजून काळा रंग चढवलेला नव्हता. ते सगळ्यात सुंदर होतं म्हणून त्यालाच जास्त हळदकुंकू. पाण्यात कालवलेलं, बोटानं, चांगलं ओलं. वर शेवंतीचं फूल, तेही ओलंच. मी नमस्कार केला. रॉननं टोपी काढून उभ्याउभ्या पेढा खाल्ला आणि दुसरा मागितला.

सकाळी येऊन बघतो तर फुलाखाली रेघारेघांत तांबूस गंज. कोल्हापूरच्या दमट हवेत तुम्ही उघडं लोखंड तेलाशिवाय कधी ठेवलं नसतंत. इथं कॅनडातल्या कोरड्या हवेनं ती सवय मोडली होती आणि कुंकवाला पाणी लागतं हे तुमच्या ध्यानात राहिलं नाही. फूल उचलून खिशात घातलंत. त्यानंतर एकेक रेघ परत उघडून काढायला किती वेळ गेला ते मी बघितलं आहे. रॉन मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. मला वाटलं, नोकरी गेली.

तो म्हणाला, "नेक्स्ट इयर, ब्लेस द लेथ."

तेव्हापासून कुंकू लेथलाच. तिला रंग दिलेला होता, तिचं काही बिघडलं नाही.

मला कानस तुम्ही शिकवली, ती शिकवायचं ठरवून नाही. चहाच्या वेळी माझी वाकळ हातात घेऊन उलटीसुलटी करत होतात.

"ह्या ओळींतलं अंतर कशानं धरतीस?"

"कशानं म्हणजे? मागच्या ओळीनं."

"पट्टी लावत नाहीस?"

"वाकळीला कोण पट्टी लावतंय?"

तुम्ही वाकळ खाली ठेवलीत, भंगारातला एक तुकडा टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळलात आणि म्हणालात, "ये हिकडं." त्या कानशीला दातांच्या ओळी असतात. एक ओळ मागच्या रेघेत चालते आणि शेजारची नवी रेघ पाडते. मला ते लगेच समजलं, कारण मी सुईनं तेच करत होते. मात्र हात जड होता. पहिली रेघ चांगली पडल्यावर मला तिच्यावरून आणखी एकदा फिरवावंसं वाटलं.

"आणखी एकदा मारू?"

"नको. तिला पुरी करू नको."

"छान आलीय की."

"म्हणूनच. आधी सगळ्या नुसत्या खुणा. मग आडव्या खुणा. मग परत उभ्या, जरा खोल. एक टोक आधी पुरं झालं, तर बाकी सगळ्यांना त्याच्यासाठी खाली यावं लागतंय. मग पट्टीच पातळ होती."

"मग पुरं कधी होतं?"

"सगळी एकदम होत्यात. तोवर सगळीच अर्धी."

तुमचं हे बोलणं मला पटायला दिवस लागले. माझा पहिला तुकडा एका कोपऱ्यात टोकदार आणि बाकीचा बोथट झाला. तुम्ही तो फेकला नाहीत. रॉननं तो दाराच्या फटीत अडकवला. अजून तिथंच असेल.

एक वाद आपला राहिला. मी म्हटलं होतं, ह्यानं माणूस मरतंय.

"तुझ्या विळीनं पण मरतंय."

"विळीनं भाजी होती. ह्यानं काय होतं?"

"कागदाला भोक पडतंय."

"तेवढ्यासाठी एवढी मेहनत?"

"मेहनत धरायसाठी हाय. उडवायसाठी न्हवं."

तुम्ही स्वतः एकदाच रॉनबरोबर निशाणेबाजीच्या रेंजवर गेलात. घरी आलात ते कान चोळत. "आवाज फार," एवढंच म्हणालात आणि परत गेला नाहीत. पण मला तुम्ही कधी म्हणाला नाहीत की तुझं बरोबर आहे. मी पण म्हटलं नाही की तुमचं बरोबर आहे. ती टोकं मी माझ्या हातानं धारदार केली आहेत आणि हत्यार वाईट असंही मला वाटतं. दोन्ही एकदम वाटतं. तुम्हाला मी त्यातलं एक सांगायला हवं होतं. ते आजही येत नाही.

आता त्या फ्रेमचं.

रॉननं ती कोरी फ्रेम तुम्हाला दिली तेव्हा तुम्ही लायसन्स काढलंत, परीक्षा दिलीत, कपाट आणलंत, जमिनीत बोल्ट मारलेत. मला वाटलं, आता हे पिस्तूल बनवणार. तुम्ही ना नळी आणलीत ना वरचा सरकता भाग. नुसती फ्रेम, दांड्यासकटचा सांगाडा. गिऱ्हाइकाचं काम वेळेत द्यावं लागतं, ही माझी आहे, म्हणालात, हिला मी पाहिजे तेवढा वेळ देणार. आणि दिलात. हिवाळे गेले. आडव्या रेघा झाल्यावर तुम्ही ती कपाटात ठेवून दिलीत आणि एक अख्खा उन्हाळा बाहेर काढली नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, डोळे विसरू देत.

दांड्याच्या मागच्या बाजूला एक वेगळा तुकडा असतो, आत स्प्रिंग बसते तो. एका पिनेवर येतो आणि निघतो. तो तुम्ही माझ्यापुढं टाकलात. "मागची बाजू तू कर."

मी केली. तुम्ही तो बसवलात, हातात घट्ट धरलात, खिडकीशी गेलात, परत आलात.

"दोन हात दिसत्यात," म्हणालात.

"वाईट झालंय?"

तुम्ही ब्रशनं कानस साफ करत होतात. "दिसत्यात म्हटलं."

रॉनला दिसले नाहीत. त्यानं दोन्हीकडून अंगठा फिरवला आणि वॅस, हे तुझं सगळ्यात चांगलं काम, म्हणाला. तुमचं नाव त्याला पूर्ण घेता यायचं नाही. तुम्ही त्याला सांगितलंत की मागचं माझं आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी चहाचे कप गोळा करायला उठले. पण तुम्ही ते "दिसत्यात" कौतुकानं म्हणालात की खोट काढली, हे मी विचारलं नाही. रोज उद्या विचारू म्हणत होते.

मग सरकारनं नियम बदलला. पिस्तुलं विकायची नाहीत, विकत घ्यायची नाहीत, दुसऱ्याच्या नावावर करायची नाहीत. ज्याचं आहे त्याच्याकडे तो असेपर्यंत. दुकानातली गर्दी कमी झाली आणि वेगळीच माणसं यायला लागली. एक बाई आजोबांचं लढाईतलं पिस्तूल घेऊन आली. आजोबा गेले होते. तिला ते ठेवायचं होतं, म्हणजे ते कायमचं बंद करून घ्यायला हवं होतं. रॉननं नळीत पिन ठोकली, खाचांत वेल्ड भरलं. तुम्हाला त्यानं नुसतं धरायला बोलावलं तर तुम्ही जॅकेट न घालता बाहेर बर्फात जाऊन उभे राहिलात.

घरी जाताना गाडीत बोललात. "मेलेल्याचे डोळे शिवून भिंतीला टेकवून बसवल्यासारखं. माझ्या कामाला असलं काही करायचं न्हाई. वितळवू देत. वितळलं तर निदान परत लोखंड तरी होतंय."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. तुम्हाला वाटलं, मी हो म्हटलं. मी गप्प राहिले की ते हो असतं असं तुम्ही लग्न झाल्यापासून धरलं होतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही होतं. कॅनडाला यायच्या वेळी मी गप्प होते आणि ते हो होतं. घर इथं घ्यायचं, एकच मूल पुरे, नितीनला वाट्टेल तिथं जाऊ द्यायचं, सगळ्याला मी गप्प राहून हो म्हटलं. त्या दिवशी गाडीत मात्र ते हो नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं.

नितीननं फोनवर विषय काढला. परत गेल्यावर दोनच दिवसांत.

"आई, ती गन घरात नाही ठेवता येणार. बाबांच्या नावावर होती, आता लीगली कुणाच्या नावावर करता येत नाही. आपण पोलिसांना फोन करू. ते येऊन पिकअप करतात."

"मग त्याचं काय करतात?"

"डिस्ट्रॉय करतात."

"गन नाही ती. नुसती फ्रेम आहे."

"आई, कायद्यानं फ्रेम म्हणजेच गन."

मागून सईचा आवाज आला, "आजी, इज इट अ रिअल गन?" नितीन तिला म्हणाला, "सॉर्ट ऑफ, बेटा." मग मला म्हणाला, "बाबांचं एवढं सामान आहे घरात. स्वेटर आहेत, घड्याळ आहे, सगळी हत्यारं आहेत. तू तेच का धरून बसलीस?"

त्याला काय सांगणार? स्वेटर तुम्ही विकत घेतला होता. घड्याळ कंपनीनं दिलं. हत्यारांनी केलेलं सगळं गिऱ्हाइकांच्या घरी गेलं. तुमच्या हातचं घरात एवढंच होतं, आणि तेवढंच ठेवायची सोय नव्हती. मी म्हटलं, रॉनला विचारते. तो म्हणाला, "तू विचारणार?" वाईट हेतूनं नाही म्हणाला. त्यानं मला बाहेरच्या माणसाला फोन करताना कधी बघितलेलं नाही.

रॉन आला. बूट दारात काढले, खुर्चीवर बसला, चहात साखर मागितली. उन्हाळ्यात दुकान बंद करतोय म्हणाला, त्यामुळे दुकानाच्या नावावर घेऊन ठेवणं त्यालाही जमणार नव्हतं. मग खाली जाऊन मी कपाट उघडलं आणि त्यानं फ्रेम तुमच्या टेबलावर ठेवली. खिशातून पंच काढला, बारीक हातोडी मारली, पिन निघाली आणि मागचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.

"धिस इज नॉट अ गन," तो सावकाश म्हणाला. "जस्ट अ पार्ट. युअर्स. यू कीप."

मी तुकड्याकडे बघितलं. माझ्याच रेघा होत्या. त्या मला राहणार होत्या, कायद्याची काही हरकत नव्हती. तुमच्या रेघा फ्रेमवर होत्या आणि फ्रेम जाणार होती. मला वाटलं, हे उलटं झालं असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

"अँड दिस?" मी फ्रेमवर बोट ठेवलं.

रॉननं दोन्ही वाटा सांगितल्या. एक तर पोलीस नेतील आणि ती वितळेल. नाहीतर तो वेल्ड मारेल, वरच्या खाचा भरेल, भोकं बंद करेल, तपासणारा माणूस बघून जाईल, आणि मग ती कायद्यानं नुसता लोखंडाचा तुकडा. तो घरात ठेवता येतो. मग टोपी हातात फिरवली.

"वॅस हेटेड दॅट. यू नो?"

"आय नो."

"ही टोल्ड मी, नेव्हर."

"मी टू."

"सो?"

मी मागचा तुकडा परत जागेवर बसवला. पिन त्याच्या पुढ्यात सरकवली. "पुट," म्हटलं. "ऑल टुगेदर. वेल्ड."

रॉन म्हणाला, "मिसेस, यू शुअर? ही वूड बी मॅड."

"ही नॉट हिअर," मी म्हटलं. "आय हिअर."

रॉननं माझ्या तोंडून एका दमात एवढं इंग्रजी कधी ऐकलं नसेल. मीही नव्हतं ऐकलं. मग त्यानं पिन ठोकली, फ्रेम त्याच्या कुलुपाच्या पेटीत ठेवली, आणि जिना चढता चढता म्हणाला, वॅसबरोबर काम करणं सोपं नव्हतं, तुझ्याबरोबरही नाही.

वेल्डिंगच्या दिवशी मी दुकानात गेले. सीट्रेननं गेले, पुढे बस. रॉन म्हणाला होता न्यायला येतो, पण मला एकटीनं जायचं होतं. त्याचं मशीन जुनं आहे, ठिणग्या फार उडवतं, ते तुम्हाला माहीतच आहे. पोलादाचा थेंब उडून रेघांत बसला की टोकं गेली. मी तांब्याचा पत्रा मागून घेतला, पुढच्या पट्टीच्या मापानं कापला, बोटांनी दाबून तिच्यावर वळवला आणि तारेनं आवळला. तांब्याला थेंब चिकटत नाही. रॉननं माझ्या डोक्यावर वेल्डिंगचं मोठं शिरस्त्राण ठेवलं, ते गळ्यापर्यंत खाली आलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर निळा उजेड नाचत होता. मला बाहेर बर्फात जाऊन उभं राहावंसं वाटलं नाही. हे मी तुम्हाला खरं सांगते. वाईट वाटलं, पण तिथंच थांबावंसं वाटलं.

झाल्यावर फ्रेम निवेपर्यंत आम्ही चहा प्यायलो. मग मी तार सोडली.

वरच्या बाजूला वेल्ड अगदी ओबडधोबड आहे. तुम्ही म्हणालात तसंच दिसतं, शिवल्यासारखं. ते मी नाकारत नाही. पट्टी मात्र होती तशी. मी उजेडाखाली धरून शेवटपर्यंत बघितली, आणि एका जागी, पत्र्याच्या कडेला, मोहरीहून बारीक एक थेंब आत शिरलेला दिसला. बोट फिरवलं तर अडकत होतं.

रॉन म्हणाला, राहू दे, कुणाला दिसणार.

तुमच्या पट्टीला मी कधी कानस लावली नव्हती. साफ करायलाही तुम्ही द्यायचा नाहीत. मी तुमची तिधारी कानस पर्समधून काढली, आठवण म्हणून बरोबर घेतली होती, खडू लावला, फ्रेम व्हाइसमध्ये चामड्यात धरली आणि थेंब कोरून काढला. थेंब निघाला, पण खाली रेघेचा तळ थोडा वर राहिला होता. तो तुमच्या बाकीच्या रेघांइतका खोल करायला तुमच्याएवढं दाबावं लागलं. माझा हात हलका आहे. दोनदा फिरवून झालं नाही. तिसऱ्यांदा मी श्वास धरून तुमच्यासारखं खांद्यातून दाबलं, आणि कानस खाली बसल्याचा आवाज आला.

तपासणारा माणूस येऊन बघून गेला. आता ती फ्रेम स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, तेल लावून. नितीनला फोटो पाठवला, तो म्हणाला, ओके आई, नाइस. सई सुट्टीत आली की तिला हातात देणार आहे.

तुम्ही चिडला असता. गाडीत बसल्यावर बोलला असता, घर येईपर्यंत. मी ऐकून घेतलं असतं आणि ह्या वेळी गप्प बसले नसते.

त्या पट्टीवर आता एका रेघेत माझा हात आहे. रॉनला दाखवली, त्याला ओळखता आली नाही. कुठली ते मी लिहीत नाही. तुम्ही खिडकीशी जाऊन बघितली असतीत तर तुम्हाला सापडली असती.